नाव झाकलेली फिल्म

पडद्यावर फिल्म उमटली आणि त्याने स्वतःच्या बरगड्या ओळखल्या.

माणूस स्वतःला आरशात ओळखतो, फोटोत ओळखतो, कुणाच्या लग्नाच्या व्हिडिओत पाठमोरा दिसला तरी टकलावरून ओळखतो. त्यात विशेष काही नाही. पण भर दुपारी, जेवण अंगावर आलेलं असताना, हॉस्पिटलच्या एथिक्स कमिटीत बसून समोरच्या पांढऱ्या पडद्यावर आपली छाती भेटणं, हा प्रकार त्याला नवीन होता. नावावर काळी पट्टी होती. नंबरावर पट्टी, तारखेवर पट्टी, फिल्म जिथे काढली त्या सेंटरच्या शिक्क्यावरही पट्टी. सगळं नियमाप्रमाणे झाकलं होतं. झाकायचा राहिला होता तो फक्त माणूस. गळ्यापाशी एका बाजूला एक जादा बरगडी होती, जन्मापासूनची, अर्धवट, आगंतुक पाहुण्यासारखी दारातच उभी. तिच्याखालचं हाड मधोमध वाकडं जुळलेलं. लहानपणी भिंतीवरून पडला होता तेव्हा वडील म्हणाले होते, रडू नकोस, हाडं आपोआप जुळतात. हाडाने वडिलांचं ऐकलं, पण मनापासून ऐकलं नाही. हॉस्पिटलात त्याला सगळे सावलीवाले म्हणायचे, कारण उभा जन्म त्याने एक्स-रेच्या सावल्या वाचण्यात घालवला होता. चेहरे तो पार विसरायचा. कार्यक्रमात कुणी हात हातात घेऊन ‘ओळखलंत का’ म्हणालं की तो कसनुसं हसायचा आणि मग अचानक त्याला त्या माणसाचा मूतखडा आठवायचा. आरशात आपलं डावं डावीकडेच दिसतं. फिल्मवर तसं नसतं, तिथे रोग्याचं डावं बघणाऱ्याच्या उजव्या हाताला येतं, समोर कुणी उभं राहावं तसं. त्यामुळे त्याचा हात आपल्या डाव्या गळ्याकडे गेला तेव्हा पडद्यावरची बरगडी उजवीकडे होती, आणि त्याला क्षणभर वाटलं की हा कोणी दुसराच गृहस्थ आपल्याकडे तोंड करून उभा आहे आणि काहीतरी सांगायला आलाय.

“हं, सावलीवाले,” अध्यक्षबाई म्हणाल्या, “वकीलसाहेबांना शंका आहे. निदान नक्की आहे का, एवढंच सांगा.” अध्यक्षबाई म्हणजे निवृत्त बाळंतपणवाल्या डॉक्टर, त्यांना कुठलीही मीटिंग चहाच्या आत मोकळी करायची सवय होती. वकीलसाहेब कमिटीत कायदा यावा म्हणून होते, मेट्रन सेवा यावी म्हणून, मानसोपचारवाले मन यावं म्हणून, आणि बँकेतून निवृत्त झालेले एक गृहस्थ नागरिकांचे प्रतिनिधी म्हणून. ते बहुतेक वेळ नागरिकांसारखेच गप्प असत. पाचवा सभासद तो. केस साधी होती. साठी ओलांडलेला गृहस्थ, छातीत गाठ, हाताबाहेर गेलेली. बायको म्हणते त्यांना सांगू नका. उपचार करणाऱ्या डॉक्टरला सांगावं की नाही हे ठरवता येईना, म्हणून त्याने केस नाव काढून कमिटीपुढे ठेवलेली. एकट्याला जे ठरवण्याची लाज वाटते ते पाच जणांनी मिळून ठरवायचं, यासाठीच कमिट्या असतात. फिल्म यायच्या आधी, नुसती केस वाचून झाली तेव्हाच, त्याने आपलं मत देऊन टाकलं होतं. “माणूस सुखात आहे ना? मग त्याला गाठून आपण काय मिळवणार? माझं मत, सांगू नये. बायको नवऱ्याला एरवी सगळं सांगत असते. एक गोष्ट सांगत नाहीये, तर तेवढी विश्रांती त्याला मिळू द्या.” यावर सगळे हसले होते. त्याचं असं एखादं वाक्य पडलं की मीटिंग सुसह्य व्हायची, आणि आपण तेवढ्यासाठीच कमिटीत आहोत असा त्याला कधीकधी संशयही यायचा.

कमिटीचा एक नियम होता: नाव झाकलेलं असूनही ज्याला रोगी ओळखू येईल त्याने उठून बाहेर जावं, कारण न सांगता. हा नियम त्यानेच लिहिला होता. ‘कारण न सांगता’ हे शब्द तर त्याने हट्टाने घालायला लावले होते, कारण सांगितलं की गुप्तता फुटते. आता उठायला हवं होतं. पण बाहेर व्हरांड्यात बाकावर छातीवाला बसला होता. दुसरा नियम असा की उपचार करणाऱ्या डॉक्टरने मीटिंग सुरू झाल्यावर येऊन बाहेर थांबायचं, विचारलं तर आत यायचं. म्हणजे तो तिथे असणारच. छातीवाला म्हणजे छातीच्या विकारांचा डॉक्टर, त्याचा कॉलेजपासूनचा मित्र, होस्टेलच्या एका खोलीत वाढलेला. याच छातीवाल्याने हिवाळ्याच्या सुरुवातीला त्याचा खोकला ऐकून म्हटलं होतं, “चल, एक फिल्म काढून टाकू. पण तुझ्या डिपार्टमेंटला नको. तुझीच माणसं, तुझीच फिल्म, उगाच चर्चा. तुझी प्रायव्हसी राहिली पाहिजे.” आणि मग दुसऱ्या एका सेंटरमध्ये फिल्म झाली, स्कॅन झालं, दुर्बीण घालून तुकडाही काढून झाला, आणि छातीवाला म्हणाला, “जुना डाग आहे रे. गोळ्या घे, पड.” फिल्म दाखव, असं त्याने मित्राला म्हटलं नव्हतं. स्वतःची फिल्म स्वतः वाचू नये असा धंद्यातला रिवाज आहे, हे त्याने स्वतःला समजावलं होतं. तरी जो माणूस लग्नाच्या जेवणातसुद्धा शेजाऱ्याच्या खिशातला रिपोर्ट ओढून उजेडाला धरायचा, त्याने आपल्या छातीबद्दल एवढा रिवाज पाळावा, हे तेव्हाच कुणाला खटकायला हवं होतं. कुणाला म्हणजे त्याला. बाहेर गेलं तर छातीवाला त्याला बघणार, एका क्षणात समजणार, आणि घरी फोन जाणार. तो उठला, पण दाराकडे गेला नाही. पडद्याकडे गेला. अध्यक्षबाईंनी त्याच्या हातात ती लाल ठिपक्याची बॅटरी दिली.

वर्षानुवर्षं त्याच्या प्रत्येक रिपोर्टाच्या तळाशी एकच वाक्य असायचं: लक्षणांशी ताडून पाहावे. गाठ असो, डाग असो, फिल्म काढताना रोगी हलला असो, ताडून पाहावे. म्हणजे मी पाहिलं, पण पाहिलं असं धरू नका. खाली अंधाऱ्या खोलीतून बाहेर येताना रोगी हाताला धरायचे, “डॉक्टर, काय आहे हो?” आणि तो म्हणायचा, “तुमचे डॉक्टर सांगतील.” खरं तर तोच त्यांचा डॉक्टर होता, त्या घटकेला जगात त्यांच्याबद्दल त्याच्याइतकं कुणालाच माहीत नसायचं, पण हात सोडवून घेणं सोपं असतं. एक बाई एकदा म्हणाली होती, तुम्ही तरी सांगा, बाकीचे सगळे बोलण्यात गुंडाळतात. तिला त्याने खुर्ची दिली होती. खुर्ची बरी होती, गादीची. आता लाल ठिपका पडद्यावर नेमका गळ्यापाशी पडला. ठिपका त्याने जादा बरगडीवरून उचलून घाईने खाली आणला, कुणी पाहील म्हणून. वरच्या भागात, पाठीकडे, ती गाठ होती. चांगली ऐसपैस बसलेली, कडेने काटे काटे. पुढच्या, स्कॅनच्या चित्रात यकृत होतं, त्यावरही तिच्या खुणा. दुसऱ्या कुणाची असती तर त्याने ज्युनिअरांना हाक मारून म्हटलं असतं, या रे, बघा, सुंदर केस आहे. त्याच्या मनात हे वाक्य आपोआप उमटलंही, सुंदर केस आहे. जुना डाग म्हणायला अजूनही जागा होती. त्याने ‘थोडी शंका आहे’ एवढं म्हटलं असतं तर मीटिंग पुढच्या महिन्यावर गेली असती आणि तो निदान तेवढे दिवस बरा राहिला असता.

“गाठच आहे,” तो म्हणाला. “पसरलेली आहे.”

“ताडून पाहायला नको?” वकीलसाहेब मिस्कीलपणे म्हणाले, ते वाक्य हॉस्पिटलात सगळ्यांच्या तोंडी होतं.

“नको.”

वकिलांना हसायचं होतं, पण राहून गेलं. तो जागेवर येऊन बसला. खुर्ची अजून गरम होती, मघाच्या माणसाने केलेली.

मग समाजसेविका बाई बोलायला उभ्या राहिल्या. त्यांचं काम रोग्याच्या घरच्यांशी फोनवर बोलणं. नाव विचारायचं नाही, गाव विचारायचं नाही, फोन लावून देणार उपचार करणारा डॉक्टर. बाई उत्साही होत्या आणि ऐकलेलं बोलणं हुबेहूब करून दाखवायचा त्यांना सोस होता. “पेशंटच्या मिसेसशी मी दोनदा बोलले. खूप गोड आहेत हो. मला म्हणाल्या, काय आहे ना, आमच्या घरात यांना वाईट बातमी कधी अख्खी दिलेलीच नाही.” ‘काय आहे ना’ हे बाईंनी तंतोतंत तिच्या सुरात म्हटलं, शेवटचा ‘ना’ किंचित लांबवून, आणि त्याला पाठीमागे वळून पाहावंसं वाटलं. “म्हणाल्या, सासूबाई गेल्या तेव्हा ‘जरा जास्त आहे’ एवढंच सांगून यांना गाडीत बसवलं. मग वाटेत हळूहळू जास्त केलं.” मानसोपचारवाले हसले. तोही हसला. ती गाडी त्याला आठवत होती. बायको खिडकीशी बसली होती आणि प्रत्येक थांब्यावर त्याचं आईबद्दलचं बोलणं ऐकून हूं हूं म्हणत होती, आणि त्याला वाटलं होतं, काय शांत बाई आहे. सहा महिन्यांपासून तर ती फारच शांत झाली होती. एरवी दिवसाकाठी चार वाद ठरलेले. आता तो म्हणेल ते खरं. पंखा त्याच्या सोयीने, टीव्ही त्याच्या आवडीचा, मेहुण्याबद्दलची त्याची मतंसुद्धा मान्य. मेहुणा तर दर चार दिवसांनी फोन करून ‘भावोजी, कसं काय’ विचारू लागला होता. त्याने छातीवाल्याला मोठ्या समाधानाने सांगितलंही होतं की बाबा रे, म्हातारपणी का होईना, आपल्या शब्दाला घरात किंमत आली. छातीवाला तेव्हा चष्मा पुसत होता. बराच वेळ पुसत होता. म्हणजे घरात सगळ्यांना माहीत होतं. मेहुण्याला, मेहुण्याच्या बायकोला, बहुधा औषधाच्या दुकानदारालाही, कारण तो हल्ली सुट्ट्या पैशांवरून कटकट करत नव्हता. गुप्तता कडेकोट पाळली गेली होती, फक्त एकाच माणसापासून. या आठवड्यात बायकोने त्याला बळेच रजा टाकायला लावली होती, “जरा घरी बसा.” मीटिंगची तारीख तिला छातीवाल्याने सांगितली असणार. आणि सगळं पटत असलेल्या घरात त्याला करमेना, म्हणून तो ‘बँकेत जाऊन येतो’ सांगून इथे येऊन बसला होता.

“आणि कमाल म्हणजे,” समाजसेविका बाई म्हणाल्या, “त्यांच्या मुलीचा घटस्फोट होऊन दोन वर्षं झाली. परदेशात असते. यांना अजून पत्ता नाही. दर रविवारी फोनवर हे जावयाची चौकशी करतात, आणि ती बिचारी आतल्या खोलीकडे तोंड करून ‘अरे, बाबा विचारताहेत’ असं म्हणते. रिकाम्या खोलीला.”

हशा पिकला. नागरिकांचे प्रतिनिधी पहिल्यांदाच मोठ्याने हसले. त्याच्या चेहऱ्यावर मघाचं हसू अजून होतं, ते काढायचं कसं हे त्याला कळेना, म्हणून त्याने तसंच ठेवलं. गेल्याच रविवारी त्याने जावयाला निरोप दिला होता की दाढ दुखत असेल तर टाळू नकोस, दाखव. पोरीने आत हाक मारली होती. आतून उत्तर आलं नव्हतं, आणि तो म्हणाला होता, कामात असेल, राहू दे. पोरगी मग म्हणाली होती, “बाबा, तुम्ही जेवलात का?” आणि आवाज जरा बसल्यासारखा वाटला होता, त्याला वाटलं, तिकडे थंडी असेल. दोन वर्षं ती त्या रिकाम्या खोलीशी बोलत होती, त्याच्यासाठी. लग्न का मोडलं, कुणी मोडलं, तिला जावयाने मारलं का, रडली का, कुणापाशी रडली, यातलं एक अक्षर त्याला माहीत नव्हतं, आणि या खोलीतल्या पाच परक्या कानांना ते चहाबरोबर मिळालं होतं. छातीतल्या गाठीने झालं नव्हतं ते आता झालं. कानांत गरम शिसं ओतल्यासारखं होऊन बाईंचा आवाज लांब गेला.

“पण माणूस भित्रा आहे का?” अध्यक्षबाईंनी विचारलं. “कारण भित्र्याला सांगताना जपावं लागतं.”

“मी विचारलं ना. तर म्हणाल्या, भित्रे वगैरे नाहीत हो. पण यांना काही सांगितलं की पुढे यांचीच समजूत काढत बसावं लागतं. मूळ दुःख राहतं बाजूला. म्हणाल्या, मुलीच्या वेळी माझ्यात तेवढं बळ नव्हतं. आणि आता हे जाणारच आहेत, तर हे थोडे महिने तरी मला त्यांच्याबरोबर काढायचेत. त्यांची समजूत काढण्यात नाही काढायचे.” बाईंनी पदर सावरला. “मला तर रडूच आलं.”

कुणी हसलं नाही. त्याला वाटलं, आपण इतकी वर्षं ज्या बाईशेजारी झोपलो तिने आपली फिल्म केव्हाच वाचून ठेवली होती, आणि तिने खाली ताडून पाहावे असं लिहिलं नव्हतं. राग यायला हवा होता. तो त्याने शोधला. राग सापडला तो छातीवाल्यावर, मेहुण्यावर, या बाईच्या नकलांवर. बायकोपर्यंत पोचेपर्यंत त्याचं काहीतरी भलतंच होत होतं, त्याला नाव देता येईना.

मतदान सुरू झालं. वकीलसाहेब म्हणाले, “सांगावं. कायद्याने सांगावंच लागतं. कायद्याने तसं बरंच काही करावं लागतं म्हणा.” मानसोपचारवाले म्हणाले, सांगावं, त्याच्या आयुष्यावर त्याचा हक्क आहे. मेट्रन म्हणाल्या, “सांगू नये. तुम्ही सांगता आणि घरी जाता. पुढे तो पेशंट कुशीवर वळून भिंतीकडे तोंड करतो, ते आम्ही बघतो.” नागरिकांचे प्रतिनिधी म्हणाले, मेट्रनबाई म्हणतात तेच. दोन आणि दोन.

“आणि सावलीवाल्यांचं ‘सांगू नये’ आधीच आलंय,” अध्यक्षबाईंनी पेनाचं टोपण काढलं. “म्हणजे झालं.”

“सांगावं,” तो म्हणाला.

अध्यक्षबाईंनी त्याच्याकडे चष्म्यावरून पाहिलं. “अहो, मघाशी विश्रांती देत होतात त्याला.”

“मत बदललं.”

“बदलायला हरकत नाही. कारण द्यावं लागेल.”

कारण. त्याला पोरीची रिकामी खोली दिसत होती. तो म्हणाला, “सगळं घर त्याच्याभोवती चवड्यांवर चालतंय, आणि तो समजतोय की आपला मान वाढला. हे बरं दिसत नाही. माणसाचं हसं होतं.”

“हसं कुठे होतंय?” नागरिकांचे प्रतिनिधी म्हणाले. “आपल्याशिवाय कुणाला माहितीये?”

पण मत नोंदलं गेलं. ठरलं असं की बातमी आधी बायकोने सांगावी, तिला पंधरा दिवसांची मुदत. नाहीच जमलं तर डॉक्टरने सांगावी. समाजसेविका बाई आजच फोन करून तिला कळवणार. एका मताने निर्णय झाला म्हणून वकीलसाहेबांनी त्याचं अभिनंदनही केलं. म्हणाले, बघा, एका माणसाचं नशीब तुमच्या हातात होतं.

तो सगळ्यांत शेवटी बाहेर पडला. बाकावर छातीवाला बसला होता, मांडीवर हात ठेवून, स्वतःच रोगी असल्यासारखा. त्याने वर पाहिलं आणि त्याचा रंग उतरला.

“तू? तू तर रजेवर होतास.”

“घरी करमेना.”

“कधी आलास?”

“सुरुवातीपासून होतो.”

व्हरांड्यातून एक ट्रॉली गेली, तिच्या एका चाकाला तेल नव्हतं. ती वळेपर्यंत दोघेही तिच्याकडे बघत राहिले. छातीवाल्याच्या कपाळावर घाम आला होता. इतक्या वर्षांच्या मैत्रीत हे दोघे एकमेकांना खोटं बोलायला कधी लाजले नव्हते, परीक्षेपासून पगारापर्यंत. पण ते गमतीचं खोटं होतं. तो वाट पाहत होता. आता मित्राने एवढंच म्हणायला हवं होतं, की अरे, चुकलो. छातीवाल्याने घसा साफ केला.

“ती फिल्म दाखवली का आत?”

“दाखवली.”

“कोणाची होती... म्हणजे, काही कळलं का?”

“नाव झाकलेलं होतं,” तो म्हणाला.

छातीवाल्याने श्वास सोडला. चांगला खोल होता, दोन्ही फुप्फुसं मोकळी असलेल्या माणसाचा. मित्राचा तेवढा श्वास ऐकून तो निघाला.

घरी तो लांबच्या रस्त्याने गेला. वाटेत एका दुकानाच्या पायरीवर बसला, खोकला, पुन्हा चालायला लागला. समाजसेविका बाई कामाला चोख होत्या. एव्हाना फोन झाला असणार. म्हणजे ती आता सांगणार. पोरीचंही सांगणार बहुतेक. मग आपण तिला म्हणायचं की मला माहीत होतं, मीच मत दिलं. किंवा काहीच म्हणायचं नाही, फक्त तिचा हात धरायचा, आणि समजूत काढायची वेळ तिच्यावर येऊ द्यायची नाही, तिची आपण काढायची, एकदा तरी. रस्त्यात त्याने हे सगळं नीट बसवलं. कुठल्या वाक्यानंतर गप्प राहायचं तेही ठरवलं. एक माणूस वळून पाहू लागला तेव्हा आपले ओठ हलताहेत हे त्याच्या लक्षात आलं.

तिने दार उघडलं. डोळे धुतलेले होते. त्याला पाणी दिलं, आणि ग्लास घेऊन आत जायच्या ऐवजी समोरच्या खुर्चीत बसली. दिवसाउजेडी ती अशी समोर कधी बसत नसे. हात कोरडे होते, तरी ती ते पुसत होती.

“मला तुम्हाला काही सांगायचंय,” ती म्हणाली.

आता फक्त गप्प राहायचं होतं. एवढंच काम होतं, आणि ते त्याने रस्ताभर घोकलं होतं. तिच्या गळ्याची शीर उडताना त्याला दिसली. तिने ओठ ओले केले, श्वास घेतला, आणि त्या श्वासाच्या टोकाला जे होतं ते त्याला खोलीत येताना दिसलं. एकदा आलं की ते परत जाणार नव्हतं.

“महत्त्वाचं आहे का?” त्याने विचारलं.

“आहे.”

“मग उद्या बोलू. आज मीटिंगने डोकं उठलंय.”

शब्द तोंडातून गेल्यावर त्याला कळलं. तो बँकेत गेला होता. तिचे पुसणारे हात थांबले. आज कुठली मीटिंग होती हे या घरात फक्त तिला माहीत असायचं होतं. ती त्याच्याकडे बघत राहिली, कपाळापासून गळ्यापर्यंत, घाई न करता. मीटिंगला कोण होतं, काय ठरलं, कुणाचं मत कुणीकडे पडलं, तिने काहीच विचारलं नाही. तिच्या चेहऱ्यावर आश्चर्य नव्हतं. अंदाज खरा निघाल्याचा आनंदही नव्हता. तो ग्लासाच्या बुडातलं उरलेलं पाणी हलवत होता.

“उद्या?” ती म्हणाली.

“उद्या. नाहीतर रविवारी. पोरीचा फोन येतोच.”

ती उठली. त्याच्या हातातून ग्लास घेतला, आणि दाराशी जाऊन क्षणभर थांबली.

“पंखा वाढवू का?”

“वाढव,” तो म्हणाला.